रेवदंड्याच्या घरासमोरची जुनी लाद्यांची वाट: उखडून टाकू की वाचवू?

वाडीवरची

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, वाचून घ्या.

आमचं घर रेवदंड्याला, नारळ-सुपारीच्या वाडीत. तुळईवर १९३७ साल कोरलेलं आहे. बेड्यापासून, म्हणजे वाडीच्या फाटकापासून, पडवीच्या पायरीपर्यंत लाद्यांची वाट आहे, ४ फूट रुंद, ३६ फूट लांब. आठ इंची लादी, मध्ये मरून (गडद तांबडा) आणि दुधी रंगाचा पट, दोन्ही कडांना हिरव्या पानांची किनार. आई लग्न होऊन आली तेव्हा याच वाटेवरून येऊन तिने माप ओलांडलं होतं, आणि आजी रोज पहाटे वाट झाडून वर पाणी मारायची, ओली झाली की ते मरून असं काही उजळायचं की अजून डोळ्यासमोर आहे.

आता अवस्था वाईट आहे. शेवाळ, मधे मधे खड्डे, फणसाच्या मुळाने एक जागा वर उचललीय, पडवीजवळच्या लाद्यांना पांढरा लोणा, म्हणजे क्षारांचा थर, धरलाय. मागच्या पावसात आई घसरली, हाताला प्लास्टर होतं सव्वा महिना. भाऊ म्हणतो सगळं उखड आणि पेव्हर ब्लॉक टाक, दोन दिवसांचं काम. आईचं वय ७४, तिचा पाय परत घसरला तर काय, हा त्याचा मुद्दा मला पटतो. पण मन होत नाही.

काल बसून मोजल्या. एकूण जागा ३२४, त्यातल्या २४१ धड, ५२ तडकलेल्या, ३१ नाहीतच. कुणी असं काम केलंय का? गावातला मिस्त्री म्हणतो अॅसिड मारून देतो, चकाचक होईल. मारू का?

ओळंबा

ताई, आधी एकच सांगतो, अॅसिड अजिबात मारू देऊ नका. बाकीचं नंतर.

तुमची लादी सिमेंटची आहे, भट्टीत भाजलेली नाही. पितळी साच्यात रंगीत सिमेंटचा पातळ थर ओतायचा, त्यावर कोरडा माल, त्याखाली जाड माल, मग दाबयंत्रात दाबून पाण्यात मुरवायची, अशी ती बनते. वरचा रंगीत थर जेमतेम पाव इंचाचा, तोही इतक्या वर्षांत झिजलेला असणार. अॅसिड सिमेंट खातं. चकाचक दिसतं ते वरचं कातडं निघाल्यामुळे, आणि पुढच्या पावसात तीच लादी खरखरीत होऊन दुप्पट शेवाळ धरते. खात्री करायची असेल तर एखाद्या फुटक्या तुकड्याच्या पाठीवर लिंबू पिळा, फसफसलं की समजा.

मी ३४ वर्षं बांधकामावर सुपरवायझर होतो, लाद्या खराब झाल्या म्हणून वाट गेली असं फार थोड्या वेळा बघितलं. वाट जाते ती खालून. पाणी खाली शिरतं, माल धुऊन नेतं, लादी पोकळ होते, पाय पडला की तडकते. त्यामुळे वर काय लावू हे शेवटी विचारा. आधी बघा की पाणी कुठून येतंय. पडवीच्या वळचणीचं पाणी कुठे पडतं?

वाडीवरची

ओळंबा काका, लिंबू पिळलं. फसफसलं. मिस्त्रीला नको म्हटलं.

वळचणीच्या पागोळ्या बरोबर पडवीजवळच्या पहिल्या दोन फुटांत पडतात, जिथे लोणा आहे तिथेच! आधी पन्हळ होती म्हणे, सडली ती परत लावलीच नाही. आणि दुसरी गोष्ट, बऱ्याच दरजा, लाद्यांमधल्या फटी, काळ्या सिमेंटने भरलेल्या दिसतायत, बाबांनी कधीतरी भरून घेतल्या होत्या.

खडी_वाळू

मी हाच धंदा करतो म्हणून स्पष्ट बोलतो, राग मानू नका. पेव्हर ब्लॉक वाईट नसतो. घरात म्हातारं माणूस असेल तर पायाखाली सपाट आणि न घसरणारं पाहिजे, बाकी सगळं त्याच्यानंतर. जुन्या लाद्या काढून परत बसवायला कुशल माणूस लागतो, तो मिळत नाही, मिळाला तर त्याची मजुरी नवीन कामाच्या दीडपट-दुप्पट होते. तुमच्या भावाचं चूक नाही.

पण वाचवणारच असाल तर अर्धवट करू नका. पाच-सात खड्डे सिमेंटने बुजवून वर लादी चिकटवायची, असं ठिगळ लावलं की दोन वर्षांत ठिगळाच्या बाजूची लादी जाते. कडक सिमेंट हलत नाही, जुना चुना हलतो, मधली लादी मरते.

थेम्सकाठी

मी लंडनमध्ये राहतो, आमच्या भागातली घरं १८९०–१९०० च्या आसपासची, प्रत्येकाच्या दारात फाटकापासून उंबऱ्यापर्यंत लाल-काळ्या छोट्या लाद्यांची वाट असते. माझ्याही होती, निम्मी मोडलेली. तेव्हा घाईत मी एक माणूस लावला, त्याने अॅसिडने धुतली. इकडच्या लाद्या भाजलेल्या मातीच्या, त्यामुळे लादी टिकली, पण उंबऱ्याचा चुनखडीचा दगड खडबडीत झाला आणि दरजांमधून पांढरे क्षार पुढचे सात-आठ महिने वर येत राहिले. रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसायचो. भाजलेल्या लादीला एवढं झालं तर सिमेंटच्या लादीचं काय होईल, म्हणून मुद्दाम लिहितोय.

इकडे वाट मोडते ती थंडीने, आत शिरलेलं पाणी गोठलं की फुगतं आणि लादी वर उचलते. तुमच्याकडे थंडी नाही, मीठ आहे. खाऱ्या हवेतलं आणि जमिनीतलं मीठ पाण्याबरोबर वर येतं, पाणी वाळलं की त्याचे खडे होतात आणि लादीचा पृष्ठभाग आतून फोडतात. म्हणून वर चकचकीत प्लास्टिकसारखं सीलर मारू नका, आतली ओल बाहेर पडायला वाट ठेवा.

एक पश्चात्ताप सांगतो. माझ्या माणसाने काढताना ३०-४० लाद्या फोडल्या आणि त्या मापाच्या मिळेनात. जुनी मापं इंचातली, नवीन लादी मिलिमीटरमधली, दीड-दोन मिलिमीटरचा फरक दहा लाद्यांत दीड-दोन सेंटिमीटर होतो आणि नक्षी चुकते. शेवटी श्रॉपशरमधल्या जॅकफील्डला, जिथे अजून जुन्या पद्धतीने लाद्या बनतात, तिकडे चौकशी करावी लागली. तुमच्याकडे घरात, गोठ्यात, माळ्यावर कुठे उरलेल्या लाद्या असतील तर आधी शोधा. जुनी माणसं जास्तीच्या आणून ठेवायची.

निळी_खिडकी

मी वास्तूजतनाचं काम शिकतेय म्हणून थोडी भर घालते. थेम्सकाठींच्या दारातल्या लाद्या आणि मुंबईतल्या काही जुन्या इमारतींमधल्या लाद्या एकाच घराण्यातल्या. राणीच्या बागेतलं भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये लोकांसाठी उघडलं, तिथल्या जमिनीला इंग्लंडहून आणलेल्या मिंटन कंपनीच्या लाद्या आहेत, मातीच्या. त्या इमारतीच्या जीर्णोद्धाराला २००५ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. कधी गेलात तर मान वर करून छत बघून झालं की खालीही बघा.

तुमच्या लाद्या वेगळ्या कुळातल्या. सिमेंटची दाबलेली लादी फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला सुरू झाली, आणि आपल्याकडे स्वदेशीच्या काळात सिधवा कुटुंबाने १९२२ मध्ये भारत टाइल्सची सुरुवात केली. बाहेरून लादी मागवायची ती आपल्याच देशात बनावी, हा त्यामागचा विचार. ती कंपनी अजूनही सिमेंटच्या लाद्या बनवते. तुमच्या त्यांच्याच असतील असं मी म्हणत नाही, तेव्हा बनवणारे बरेच होते. पण एक लादी अलगद उलटी करून बघा ना, पाठीवर बऱ्याचदा उठावाच्या अक्षरात नाव असतं.

माई_आरवली

आमच्याकडे तुळशीभोवती अशाच लाद्या आहेत गो बाय. शेवाळाला मी दुसरं काही करत नाही, नारळाचं सोडण, वरची काथ्याची साल, पाण्यात भिजवून त्यानेच घासायचं, रिठ्याच्या पाण्यात. तारेचा ब्रश लावशील तर तारेचे तुकडे अडकतात आणि गंजाचे डाग पडतात, ते जात नाहीत. आणि वर सावली किती आहे ते बघ. फणसाची खालची फांदी जरा छाटलीस तर ऊन पडेल, ऊन पडलं की शेवाळ अर्धं आपोआप कमी होतं.

वाडीवरची

माई, फांदीचं खरंच लक्षात नव्हतं आलं.

गेल्या शनिवार-रविवारी आम्ही दोघं बहीण-भाऊ गेलो होतो. गोठ्यात जुन्या कौलांच्या मागे लाद्या सापडल्या, १९! गोणपाटात गुंडाळलेल्या, कोऱ्या, नुकत्या घडवल्यासारख्या. भाऊ त्या बघून गप्प बसला आणि नंतर म्हणाला, तीन आठवडे देतो तुला. होकार समजलाय मी.

मग बेड्याजवळची एक सुटी लादी काढली. पाठीवर खरंच अक्षरं आहेत पण झिजलेली, शेवटचं 'वर्क्स' तेवढं लागलं. पण खरी गोष्ट लादीखाली होती. चुन्याच्या मालावर चार बोटं ओढलेल्या रेघा, शेजारी शेजारी, किंचित वळलेल्या, जशी आपण शेणाने सारवताना बोटं ओढतो तशा. लादी टेकवण्याआधी माल सारखा करताना त्या गवंड्याने ओढलेली बोटं असणार. करंगळीची रेघ बाकीच्यांपेक्षा उथळ आहे. ऐंशीहून जास्त वर्षं अंधारात तशीच होती. भावाने आपली बोटं त्यात ठेवून बघितली, त्याचा हात मोठा निघाला.

आता मला उखडणं शक्य नाही. ओळंबा काका, सगळं नीट सांगा, अगदी पहिल्यापासून.

ओळंबा

सांगतो. मोठं आहे.

काढायच्या आधी पूर्ण वाटेचे फोटो, दोरी लावून, ओळीओळीने. मग प्रत्येक लादीवर कागदी चिकटपट्टी लावून नंबर, ओळ आणि जागा. खडूने लिहू नका, पुसला जातो. किनारीकडून सुरुवात करा, तिथे बाजू मोकळी असते. दरजेत करवतीचं पातं चालवून माल मोकळा करायचा, मग रुंद छिन्नी आडवी घालून लाकडी हातोडीने हळूहळू. जिथे चुना आहे तिथे लादी सुटते. बाबांनी सिमेंट भरलंय तिथे वेळ लागेल, तिथे जोर लावायचा नाही, दिवसाला पंधरा निघाल्या तरी चालेल. काढलेल्या लाद्या उभ्या ठेवा, आडव्या रचल्या की खालच्या तुटतात.

मग खाली खणा, साधारण ८–९ इंच. मऊ माती सगळी काढा. जांभ्याचे तुकडे आणि खडी, वर मुरूम, थोडं पाणी, आणि धुम्मसाने, चोपायच्या जड ठोकळ्याने, चोपायचं. चोपताना आवाज बदलतो. आधी भद्द येतो, नंतर टणक येतो. टणक येईपर्यंत थांबायचं नाही. तुमचं सगळं काम या आवाजावर आहे.

उतार एका बाजूला द्या, ४ फुटाला पाऊण इंच, सुपारीच्या पाटाकडे. चालताना पायाला कळत नाही पण पाण्याला कळतं. फणसाचं जाड मूळ तोडू नका, झाड कलेल. तेवढ्या सहा-सात फुटांत वाट दोन इंच वर घ्या आणि दोन्हीकडे हळू उतरवा.

माल चुन्याचाच. एक भाग चुना, एक भाग सुर्खी (भाजलेल्या विटा-कौलांची भुकटी), दोन भाग वाळू. वाळू गोड्या पाण्याची, धुतलेली. तुमच्याकडे समुद्र हाकेवर आहे म्हणून कुणीतरी तिथली आणून टाकेल, नजर ठेवा, नाहीतर तुम्ही स्वतःच्या हाताने मीठ पेराल. सुर्खीला ती गोठ्यातली फुटकी कौलं आणि मऊ भाजलेल्या विटा कुटून चाळून घ्या. सुर्खीमुळे चुना ओलातही धरतो, नुसता चुना पावसाळ्यात बसणार नाही. कळीचा चुना विझवताना लोखंडी पिंपात, आधी पाणी आणि त्यात चुना थोडा थोडा, उलटं कधीच नाही, उकळून अंगावर येतो. प्लास्टिकचं पिंप वितळतं. चष्मा, हातमोजे, आणि पोरं लांब. विझला की गाळून वर पाणी ठेवून निदान तीन आठवडे मुरू द्या. म्हणजे चुना आज विझवा आणि लाद्या उद्या काढा, दोन्ही बरोबर तयार होतील.

लादी बसवायच्या आधी पाण्यात बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत. कोरडी लादी मालातलं पाणी पिऊन टाकते आणि धरत नाही.

आणि हे सगळं माघ संपायच्या आत. चुना सावकाश घट्ट होतो, उन्हाने पटकन वाळला तर भुगा होतो. गोणपाट ओलं करून दोन आठवडे तरी झाकून ठेवा. पन्हळ मात्र सगळ्यात आधी, लाद्यांना हात लावायच्या आधी.

खडी_वाळू

काकांनी सगळं बरोबर सांगितलंय. एकच भर, दोन तुकडे झालेल्या लाद्या टाकून देऊ नका. मालावर शेजारी बसवून दरज पातळ चुन्याने भरली तर तडा नुसता केसासारखा दिसतो. चुरा झालेल्या असतील तेवढ्याच बाद धरा. आणि हे काम करणारा एक जुना गवंडी माझ्या माहितीत आहे अलिबागकडे, विचारून कळवतो.

वाडीवरची

मंडळी, बरेच दिवस लिहिलं नाही, रोज काम चाललं होतं. हिशोब असा झाला. तडकलेल्या ५२ पैकी ३८ जोडता आल्या, १४ चुरा होत्या. म्हणजे नसलेल्या ३१ आणि या १४ मिळून ४५ जागा रिकाम्या. सापडलेल्या १९ वजा जाता २६ कमी. काढताना एकही फुटली नाही!! खडी_वाळू दादांनी धाडलेले गवंडीमामा ७० च्या पुढचे आहेत, ते लादीला हात लावण्याआधी बोटाच्या सांध्याने ठोकून आवाज ऐकतात, आणि मग ठरवतात कुठून उचलायची.

२६ नवीन करून घ्यायच्या का यावर घरात चर्चा झाली. मामा म्हणाले, बेड्याजवळ जिथे गाडीची चाकं येतात तिथल्या चार ओळी सोडा, तिथे जांभ्याचे चिरे बसवू, तिथल्या २४ वाचतील. मला आवडलं. आता बेड्यातून आत आलं की दोन फूट आठ इंच जांभा आणि मग वाट सुरू होते, मूळचीच असावी असं वाटतं. राहिल्या दोन, त्या कडेला मोगऱ्याच्या कुंडीखाली येतील अशा ठेवल्या, तिथे नुसता कोबा.

गोठ्यातल्या कोऱ्या १९ लाद्या एका जागी न लावता विखरून लावल्या. तरीही त्या ओळखू येतात, मरून जास्त गडद आहे. आई म्हणते राहू दे, ऊन लागलं की होतील सारख्या.

ती बोटांच्या रेघांची चुन्याची चकती मामांनी खालून पातं घालून अख्खी काढून दिली, एकच कोपरा सुटला. फळीवर ठेवलीय पडवीत. आणि आम्ही तिघांनी, आई, भाऊ आणि मी, पडवीच्या पायरीजवळच्या शेवटच्या लादीखाली ओल्या मालात बोटं ओढली. आईचा प्लास्टरमधून निघालेला हात अजून नीट वळत नाही, तिची रेघ तिरकी गेली.

थेम्सकाठी

वाचून ऑफिसात डोळे भरून आले. माझ्या वाटेच्या खाली काय होतं ते मी बघितलंच नाही, त्या माणसाने सगळं एका दिवसात पोत्यात भरलं. घसरण्याचं काय केलंत ते सांगा, आईंसाठी.

वाडीवरची

फणसाची फांदी छाटली, सोडण-रिठ्याने घासलं, वर काहीही सीलर नाही. पॉलिशही नाही केलं, मामांनी साफ नको म्हटलं, बाहेरची लादी घोटायची नसते. शिवाय भावाने डाव्या कडेने जुन्या लोखंडी नळीचा कठडा लावला, कमरेइतका. दिसायला साधा आहे पण आईचा हात आपोआप त्यावर जातो. माझ्या मते हे लाद्यांपेक्षा आधी करायला हवं होतं.

वाडीवरची

१२ जून. पहाटे साडेपाचला भावाचा फोन, म्हटलं काय झालं. पाऊस सुरू झालाय रात्रीपासून, तो छत्री घेऊन बेड्यात उभा होता आणि व्हिडिओ कॉल लावून दाखवत होता. पन्हळीचं पाणी पिंपात जातंय, वाटेवरचं पाणी सगळं सुपारीच्या पाटाकडे चाललंय, पातळ, एकसारखं, कुठेही थांबत नाही. मुळाजवळच्या चढावर दोन ठिकाणी वाटीएवढं पाणी साचतंय, ओळंबा काका, ते आता राहू द्यायचं की दिवाळीनंतर तेवढ्या लाद्या परत उचलायच्या?

आई पडवीत बसली होती. लाद्यांचं मरून उजळलं होतं.

ओळंबा

राहू द्या. वाटीएवढं पाणी दुपारपर्यंत वाळतं. एक पावसाळा माल बसू द्या, मग दिवाळीत त्या दोन ठिकाणी बोटाने ठोकून बघा. आवाज भरीव आला तर हात लावू नका, पोकळ आला तर मला फोटो पाठवा.